हॉलच्या खालच्या टोकाला

मंगळवारचा वर्ग संध्याकाळी सात वाजता सुरू होई आणि नऊ वाजता संपे. जागा म्हणजे एका चर्चच्या तळघरातला हॉल, एडिसनमधल्या आमच्या अपार्टमेंटपासून गाडीने पंचवीस मिनिटांवर. जमीन लाकडी. एका टोकाला बुटकं स्टेज, त्याच्या कडेला टेबल आणि टेबलावर कॅसेट प्लेअर. दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघराचं दार आणि नोटिस बोर्ड. ह्या दोन टोकांमधलं अंतर मी एकदा मोजलं होतं. एकोणतीस पावलं भरलं. पुढे ह्या अंतराला महत्त्व आलं, म्हणून ते आधी सांगतो.

वर्ग स्कॉटिश कंट्री डान्सचा होता. २००२ च्या जानेवारीपासून २००८ च्या मे महिन्यापर्यंत मी तिथे जात होतो. पहिली साडेचार वर्षं शिकणारा म्हणून, नंतर शिकवणारा म्हणून. वर्ग माझ्या हाताखाली बंद पडला. त्याची दोन कारणं तेव्हा सांगितली गेली : जुने लोक थकले आणि नवे येईनात. दोन्ही खरी आहेत. तिसरं कारण मला ठाऊक होतं आणि ते मी कुणाला सांगितलं नाही.

पुण्यात एका दैनिकात मी अकरा वर्षं उपसंपादक होतो. २००१ मध्ये बायकोला न्यू जर्सीत सॉफ्टवेअरची नोकरी मिळाली आणि तिच्या व्हिसावर डिपेंडंट म्हणून मीही आलो. त्या व्हिसावर नोकरी करता येत नसे. सकाळी तिला स्टेशनवर सोडायचं, संध्याकाळी आणायचं, मधला वेळ लायब्ररीत काढायचा. लायब्ररीच्या बोर्डावर एक पिवळा कागद होता. नाच शिका, जोडीदार लागत नाही, पूर्वानुभव लागत नाही. खाली पेनने वेगळी ओळ होती : ‘पुरुष विशेष हवे आहेत.’ अमेरिकेत आल्यापासून मी कुणाला हवा असल्याची ती पहिली लेखी सूचना.

“जाच तू,” बायको म्हणाली. “घरात बसून माझ्या ग्रोसरी लिस्टमधल्या स्पेलिंग मिस्टेक्स काढतोस, त्यापेक्षा बरं.”

शिकवणाऱ्या बाईंनी तेव्हा सत्तरी ओलांडलेली होती. जन्म स्कॉटलंडचा, हयात अमेरिकेतल्या प्राथमिक शाळांत गेलेली. अंगाने बारीक, चष्मा साखळीला अडकवलेला, पायात मऊ काळ्या चामड्याचे लेसचे बूट. वर्गात सगळे त्यांना पहिल्या नावाने हाक मारत. मला ते शेवटपर्यंत जमलं नाही. मनात त्या शाळेतल्यासारख्या ‘बाई’च राहिल्या आणि इथेही त्यांना तेच म्हणतो.

ह्या नाचात चार पुरुष एका ओळीत उभे राहतात आणि चार स्त्रिया त्यांच्यासमोर. आठ जणांचा हा गट म्हणजे सेट. ज्या टोकाला संगीत असतं ते वरचं टोक, त्याच्या उलट ते खालचं. पुरुषांचा डावा खांदा कायम वरच्या टोकाकडे असतो, स्त्रियांचा उजवा. पहिली जोडी वरून सुरुवात करते, दोनदा नाचून तळाला जाते, बाकीच्या जोड्या वर सरकतात. असं करत प्रत्येक जोडी एकदा पहिली होते आणि एकदा शेवटची. माणसं आठ लागतात. सात असली तरी नाचता येतं, पण मग प्रत्येकाला कधी ना कधी रिकाम्या जागेला हात द्यावा लागतो.

दोन रिवाज मला पहिल्याच दिवशी कळले. एक बाईंनी सांगितला : सेटमध्ये बोलायचं नाही. कुणी वाट विसरलं तर त्याला सांगायचं नाही. तो जिथे यायला हवा तिथून हात पुढे करायचा. हात दिसला की माणूस येतो. दुसरा रिवाज त्यांनी सांगितला नाही, तो बघून कळला. बाई चुकणाऱ्याचं नाव कधीच घेत नसत. टेप थांबवत आणि म्हणत, “आपण सगळे पुन्हा एकदा करू या.” कोण चुकलं ते सगळ्यांना माहीत असे. त्याच्याकडे कुणी बघत नसे.

त्या पहिल्या संध्याकाळी मी वळायचं तिथे सरळ गेलो आणि दोन ओळींच्या मध्ये एकटाच उभा राहिलो. तिरपा समोर कमरेच्या उंचीवर एक हात आला, तळवा वर केलेला. पंजा रुंद होता आणि त्याची करंगळी वाकत नव्हती. मी तो धरला आणि माझ्या जागी पोचलो.

हात ज्यांचा होता ते गृहस्थ बाईंच्याच वयाचे होते. एका वर्तमानपत्राच्या छापखान्यात रोटरी मशीनवर त्यांनी सगळी नोकरी केली होती. मी वर्तमानपत्रातून आलो हे कळल्यावर मध्यंतराच्या चहाला ते माझ्या शेजारी येऊन बसले. आधी माझ्या उजवीकडे बसले होते. मग उठून, कप घेऊन दुसऱ्या बाजूला आले. मला ते वयस्कर माणसाचं अगत्य वाटलं.

“म्हणजे तुम्ही वरच्या मजल्यावरचे,” ते म्हणाले.

“आणि तुम्ही तळघरातले.”

“वरचे लोक पानं उशिरा सोडायचे आणि शिव्या आम्ही खायचो.”

“तळघरातले लोक पहिले पाचशे अंक काळे करायचे आणि शिव्या आम्ही खायचो.”

ते मोठ्याने हसले. घरी त्यांचं नाव ‘प्रेसवाले काका’ पडलं. बायकोने त्यांना फारसं पाहिलेलं नव्हतं, पण बुधवारी सकाळी गाडीत ती विचारायची, “काय म्हणतात तुझे प्रेसवाले काका?”

काकांचं पाऊल अर्धी मात्रा मागे पडे. ते आधी दुसऱ्यांकडे बघत आणि मग निघत. हात मात्र चुकत नसत. जिथे हात हवा तिथे तो आधीच आलेला असे. त्यांची शेजारीण त्यांना आपल्या गाडीतून वर्गाला आणत असे. ती पन्नाशीची होती आणि एका फार्मसीत काम करायची. ती एकदा मला म्हणाली, “ह्यांच्याबरोबर नाचताना मला पुढचं आठवावं लागत नाही. हात दिला की कळतं.” वर्गात पुरुष चारच असत, कधी तीन. स्त्रियांपैकी कुणी गळ्यात तिरपी पट्टी घालून पुरुषांच्या ओळीत उभी राही. काका मात्र नेहमी पुरुषांच्याच ओळीत.

बाई शिकवताना खालच्या टोकाला उभ्या राहत, स्वयंपाकघराच्या दाराशी. कॅसेट प्लेअर वरच्या टोकाला. टेप थांबवायची तर बाई हॉलभर चालत जात, थांबवत, पुन्हा खाली येत आणि तिथून पुढची आकृती, म्हणजे नाचाचा पुढचा तुकडा, समजावत. सुरू करायची तर परत तेच. त्यांचा एक गुडघा दुखत असे. प्लेअर खाली आणू का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, संगीत वरच असतं. टेप मी सांभाळू का विचारलं, तर म्हणाल्या, चालणं गुडघ्याला बरं. एका मंगळवारी मी घड्याळ लावलं. दोन तासांच्या वर्गात ह्या ये-जा करण्यात अकरा मिनिटं जात होती.

नाच मला आवडू लागला. का, हे सांगणं सोपं आहे. दिवसभर कुणाला माझी गरज नसे आणि मंगळवारी दोन तास सात माणसं मी ठरलेल्या क्षणी ठरलेल्या जागी येईन असं धरून चालत. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत ही बातमी पसरली होती.

“स्कर्ट घालून नाचतोस म्हणे?” एका काकूंनी विचारलं.

“किल्ट म्हणतात, काकू. आणि मी पँटच घालतो.”

“घालत जा हो बाबा. थंडी असते इकडे.”

बाईंच्या वहीत दोनशेच्या वर नाचांच्या नोंदी होत्या, पेन्सिलने, चाळीस वर्षांत लिहिलेल्या. काही पुसट झाल्या होत्या. २००४ मध्ये मी त्या सगळ्या कॉम्प्युटरवर टाईप केल्या. एका नाचाला एक परिच्छेद, प्रत्येक आकृतीला किती मात्रा ते समोर. बाईंनी प्रिंट चाळून पाहिला आणि म्हणाल्या, “हे वाचून मेलेला माणूससुद्धा उठून नाचेल.” त्या स्वतः तो कधी वापरत नसत. त्यांना सगळं पाठ होतं.

२००६ च्या उन्हाळ्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि मुलीकडे ओरेगनला कायमचं जायचं ठरलं. वर्ग मी घ्यावा असं त्यांनीच सुचवलं. हॉलची किल्ली, टेपांचा खोका आणि पेन्सिलची वही त्यांनी माझ्याकडे दिली. जूनमध्ये हॉलच्या समितीला नावांची यादी द्यावी लागते, हेही सांगितलं. शिकवणारा धरून किमान आठ नावं हवीत, नाहीतर मंगळवार दुसऱ्या कुणाला जातो.

“आणि खालच्या टोकाला उभे राहा,” त्या म्हणाल्या.

“का?”

“तिथून बरं पडतं.”

“कशाला बरं?”

“राहून बघा,” त्या म्हणाल्या.

राहून बघितलं. सप्टेंबरचे तीन मंगळवार मी खाली उभा राहिलो. तिथून काही अधिक दिसत नव्हतं, उलट वरच्या जोडीचे पाय झाकले जात. चौथ्या मंगळवारी मी टेबलाशी उभा राहिलो. प्लेअर हाताशी, माझ्या टाईप केलेल्या नोंदी टेबलावर. अकरा मिनिटं वाचली. कुणी हरकत घेतली नाही. नऊ वाजायच्या आत एक नाच जास्त झाला आणि दोघांनी त्याबद्दल माझे आभारही मानले.

त्या शरद ऋतूत आम्ही माझ्यासकट नऊ जण होतो. आठ नाचणारे, एक शिकवणारा. एक पूर्ण सेट. एकही माणूस जादा नाही, हे मला माहीत होतं.

काकांच्या चुका वाढल्या. मी आकृती सांगे, बाकीचे निघत आणि काका जागीच थांबलेले असत. मग दुसऱ्यांकडे बघून एक मात्रा उशिरा निघत. आधी अर्धी होती, आता एक. मी ते टिपलं आणि वय म्हणून सोडून दिलं. बातमी लिहिताना ‘केव्हापासून’ हा प्रश्न विचारायचा असतो. तो मी विचारला नाही. विचारला असता तर उत्तर सप्टेंबरचा चौथा मंगळवार असं आलं असतं.

आता एका कागदाबद्दल. पुण्यातल्या आमच्या ऑफिसात एक पद्धत होती. त्या दिवशीचा अंक दुपारपर्यंत कुणीतरी ज्येष्ठ माणूस लाल पेन्सिल घेऊन वाचे. प्रत्येक चुकीभोवती लाल वर्तुळ आणि शेजारी ज्याने ती बातमी सोडली त्याची आद्याक्षरं. तो अंक पाण्याच्या पिंपावर टांगलेला असे. ज्याला तहान लागेल त्याने पाणी प्यावं आणि स्वतःच्या चुका वाचाव्यात. माझी आद्याक्षरं पहिली दोन वर्षं तिथे रोज होती. मी जे काही लिहायला शिकलो ते त्या पिंपापाशी. त्याचं कुणाला वाईट वाटत असेल असं मला कधी वाटलं नाही. कुणी तसं बोलल्याचंही आठवत नाही.

२००७ च्या जानेवारीत मी तशीच पद्धत वर्गात सुरू केली. दर मंगळवारी नोटिस बोर्डावर एक टाईप केलेला कागद. शीर्षक : ‘मागच्या मंगळवारच्या दुरुस्त्या’. नाच, आकृती, काय झालं, काय व्हायला हवं होतं आणि शेवटी आद्याक्षरं. मला त्यात मदतीपलीकडे काही दिसलं नाही.

बायकोने प्रिंटरमधून निघालेला कागद वाचला. “तू क्लास घेतोस का डेस्क चालवतोस?”

“लोकांना उपयोग होतो.”

“विचारलंस लोकांना?”

“थँक यू म्हणतात.”

“इथे तोंडावर दार आपटलं तरी थँक यू म्हणतात, यार.”

पहिल्या आठवड्यात लोक हसले. “अरे, मी छापून आले!” असं एक जण म्हणाली. काकांनी चष्मा चढवला, वरपासून खालपर्यंत कागद वाचला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “छपाई स्वच्छ आहे.” दुसऱ्या आठवड्यापासून हसू थांबलं. काका मात्र दर मंगळवारी आल्याबरोबर कोट न काढता आधी बोर्डापाशी जात, कागद वाचत आणि मग बूट बदलत. काका येत होते तोवर असे सहा कागद निघाले. ते माझ्याकडे आहेत. एकूण नोंदी एकतीस. त्यांपैकी अठरांपुढे काकांची आद्याक्षरं आहेत.

सातव्या मंगळवारी काका आले नाहीत. बर्फ पडलं होतं, त्यामुळे मी फार विचार केला नाही. त्यांची शेजारीण आली होती. काका बरे आहेत एवढंच तिने सांगितलं. मी त्यांच्या जागी सेटमध्ये उभा राहून शिकवलं. आठवा मंगळवारही तसाच गेला. नवव्या मंगळवारी ती आली, पण बूट बदलले नाहीत.

“मी आज फक्त सांगायला आले,” ती म्हणाली. “मीही आता येणार नाही.”

मी कारण विचारलं.

“दिवसभर मी औषधं मोजते. एक गोळी इकडची तिकडे होऊन चालत नाही. मंगळवारी संध्याकाळी दोन तास मला चुकायची मुभा होती.” तिने बोर्डाकडे बघितलं. त्या आठवड्याचा कागद मी लावलेला होता. “तुमचं काही चुकलेलं नाही. तुमचं सगळं बरोबरच असतं.”

आम्ही माझ्यासकट सात उरलो.

त्या रविवारी दुपारी मी ओरेगनला बाईंना फोन केला. दोन माणसं गेली आणि जूनपर्यंत एक तरी मिळवायला हवा, असं सांगितलं. कोण गेलं ते बाईंनी विचारलं. मी सांगितलं. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“तुम्ही उभे कुठे राहता?”

“वर. टेबलाशी.”

बाई म्हणाल्या, “त्याचा डावा कान पूर्ण गेलेला आहे. उजवाही अर्धाच. मशीनच्या आवाजाने.”

पुरुषांचा डावा खांदा वरच्या टोकाकडे असतो. हे मी पाच वर्षं दर मंगळवारी पाळत आलो होतो. छापखान्यातल्या मशीनशेजारी हयात घालवलेल्या माणसाचे कान कसे असतील, हे पुण्यात छापखान्याच्या डोक्यावर अकरा वर्षं काढलेल्या मला कुणी सांगायची गरज नव्हती. आमच्या तळघरात लोक एकमेकांशी खुणांनी बोलत. पहिल्या दिवशी काका चहाचा कप घेऊन माझ्या उजवीकडून डावीकडे का आले होते, हे मला पाच वर्षांनी फोनवर कळलं.

“तुम्ही मला सांगितलं का नाहीत?”

“कुणाला सांगू नका असं त्याने मला सांगितलं होतं. तुम्ही खाली उभे राहिलात की पुरे, असं मला वाटलं.” मग त्या म्हणाल्या, “सांगायला हवं होतं.”

कागदाबद्दल मी त्यांना काही बोललो नाही.

पुढच्या शनिवारी मी काकांच्या घरी गेलो. बायकोने बेसनाच्या लाडवांचा डबा दिला. काकांनी दार उघडलं, आत घेतलं आणि मला त्यांच्या उजव्या हाताच्या खुर्चीवर बसवलं. ह्या वेळी मला ते कळलं. एक लाडू त्यांनी लगेच खाल्ला.

काय बोलायचं ते मी गाडीत ठरवलं होतं. ते मी सावकाश आणि मोठ्याने बोललो. बाईंनी मला सांगितलं आहे, मी चुकीच्या टोकाला उभा होतो, तो कागद लावायला नको होता, आणि तुम्ही परत यावं.

“इतकं मोठ्याने नको,” काका म्हणाले. “ह्या बाजूने येतं मला ऐकू.”

मी आवाज खाली आणला आणि परत येण्याबद्दल पुन्हा विचारलं.

“तुम्ही बरोबर लिहिलं होतं. मी चुकतच होतो.” मग त्यांनी दुसरा लाडू हातात घेतला आणि तो बघत म्हणाले, “एक सोडून. चौथ्या कागदावर. डावा हात द्यायचा होता. मी डावाच दिला. तुम्ही सगळ्यांनी उजवा दिलात.”

“तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“सेटमध्ये बोलत नाहीत,” काका म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. रिवाज सांगावा तसं ते म्हणाले.

मी पुन्हा विचारलं, मंगळवारी याल का. त्यांनी नकारार्थी मान हलवली. “आता तुम्ही खाली जाऊन उभे राहाल. मग एकेक जण विचारेल, हे का. तुम्हाला उत्तर द्यावं लागेल.”

“मी सांगणार नाही.”

“तुम्ही नाही सांगणार. पण ते विचारतील.”

घरी येऊन मी बाईंची पेन्सिलची वही काढली. त्या नाचाच्या नोंदीत ‘डावा’ स्पष्ट होतं. टाईप करताना २००४ मध्ये मी ‘उजवा’ केलं होतं. बाई आठवणीतून शिकवत, त्यामुळे ती चूक तीन वर्षं झाकून राहिली. मी माझ्या प्रिंटवरून शिकवलं तेव्हा ती वर आली. काकांना माझी सूचना ऐकू आली नव्हती. त्यांनी जुन्या आठवणीवर हात दिला, आणि तेवढ्याचसाठी त्यांची आद्याक्षरं बोर्डावर लागली.

वर्तमानपत्रात चूक झाली की दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापतात. छोटी चौकट, ठरावीक शब्द, खाली दिलगिरी. इथे छापायची तर काय छापणार? अठरा चुकांचं खरं कारण द्यायचं तर काकांचा कान द्यावा लागला असता आणि तेवढंच त्यांनी नको म्हटलं होतं. चौथ्या कागदावरची दुरुस्ती तेवढी देता आली असती. पण तोवर तो कागद ज्या दोघांनी वाचायला हवा ते येत नव्हते. मी बोर्ड रिकामा केला.

त्या मंगळवारी मी खालच्या टोकाला उभा राहिलो. टेप थांबवायला एकोणतीस पावलं वर, समजवायला एकोणतीस पावलं खाली. लोक काय विचारतात ह्याची वाट बघत होतो. कुणी काही विचारलं नाही. पुढच्या मंगळवारीही नाही. सहा माणसांपैकी एकानेही ‘हे का’ म्हटलं नाही. बाई तिथेच उभ्या राहत, तेव्हा तेच बरोबर, असं त्यांनी धरलं असावं.

हे काकांना कळवायला हवं होतं. माझ्याजवळ त्यांचा नंबर होता. पण एका मंगळवारवरून निष्कर्ष काढायचा नाही, खात्री करून मग सांगायचं, ही माझी सवय. मी चार मंगळवार मोजले. चौथ्याच्या दुसऱ्या दिवशी फोन केला तर तो नंबर बंद होता. शेजारणीच्या फार्मसीत गेलो. ती म्हणाली, दोन आठवड्यांपूर्वी मुलगा येऊन त्यांना ॲरिझोनाला घेऊन गेला, घर विकायला काढलं आहे. पत्ता तिच्याकडे अजून आलेला नव्हता. मला देण्याची तिला फारशी इच्छा दिसली नाही आणि मीही पुन्हा विचारायला गेलो नाही.

जूनच्या यादीत सात नावं होती. समितीने एक वर्ष चालवून घेतलं. मी लायब्ररीत पिवळा कागद लावला, ओक ट्री रोडवरच्या दोन देशी किराणा दुकानांत लावला, मंडळाच्या ईमेलमध्ये टाकला. नोव्हेंबरमध्ये मंडळातली दोन जोडपी आली.

“यार, हा तर गरबाच आहे,” एक जण म्हणाला. “दांडिया कुठायत?”

“शिपिंगमध्ये अडकल्यात,” त्याची बायको म्हणाली. “तू आधी डावा-उजवा शिक.”

त्या संध्याकाळी अकरा माणसं होती आणि तळघरात कित्येक महिन्यांनी गलका झाला. निघताना त्यांनी विचारलं, परफॉर्मन्स कधी असतो, गणपतीत बसवता येईल का. परफॉर्मन्स नसतो, असं मी सांगितलं. फक्त मंगळवार असतो. ती पुन्हा आली नाहीत.

२००८ च्या मेमध्ये समितीचं पत्र आलं. ते सभ्य होतं. जूनपासून मंगळवार योगाच्या वर्गाला दिला होता.

शेवटच्या मंगळवारी सातही जण आले. शेवटचा नाच मी चौथ्या कागदावरचा निवडला. कारण कुणाला सांगितलं नाही. खालच्या टोकाला उभं राहून आकृती समजावल्या आणि ‘डावा हात’ हे दोनदा म्हटलं. मग वर जाऊन टेप लावली आणि पुरुषांच्या ओळीत माझ्या जागी आलो. आमच्या ओळीत चौथी जागा रिकामी होती. नाच सुरू झाला, जोड्या वर सरकत गेल्या आणि ती जागाही त्यांच्याबरोबर वर सरकत गेली. जो तो आपल्या वेळेला तिथे पोचून हवेत हात देत होता. दुसऱ्या फेरीत एक जण वळायचं विसरून मध्येच उभी राहिली. मी बोललो नाही. हात पुढे केला, कमरेच्या उंचीवर, तळवा वर करून. ती आली.

संगीत संपलं. आम्ही रिवाजाप्रमाणे समोरच्याला वाकून नमस्कार केला. ती रिकामी जागा तोवर तळाला, स्वयंपाकघराच्या दाराशी पोचली होती. तिच्यासमोर जी उभी होती तीही वाकली. मग सगळे बूट बदलायला तिकडच्या खुर्च्यांकडे गेले आणि मी खोक्यात टेपा भरण्यासाठी वरच्या टोकाकडे चालत गेलो.